शहागड ते औरंगाबाद, मुंबई आणि जेद्दा : हवाई अंतर, रस्त्याचं अंतर आणि लागणारा वेळ

शहागडहून औरंगाबाद किती लांब आहे, असं मोबाईलवर शोधलं तर दोन-तीन वेगवेगळे आकडे समोर येतात. एक वेबसाइट ६८ किलोमीटर सांगते, दुसरी ७५, तिसरी ८०. वेळेचंही तसंच. कुठे सव्वा तास, कुठे दोन तास. मग खरं काय?

खरं तर हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक आकडा आकाशातून सरळ रेषेचा असतो, एक रस्त्याचा, आणि वेळ ही तिसरीच गोष्ट. घोळ होतो तो एका कामाचा आकडा दुसऱ्या कामाला लावल्यामुळे. तिकीट काढताना, पेशंटला हलवताना, विमान पकडताना किंवा प्रवासात नमाज कसर करायची की पूर्ण पढायची हे ठरवताना चुकीचा आकडा धरला तर नुकसान होतं. म्हणून शहागड आणि आसपासच्या वाचकांसाठी ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत.

शहागड नेमकं कुठे आहे

शहागड हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं गाव. गोदावरीच्या उत्तर काठावर. नदी ओलांडली की बीड जिल्हा, गेवराई तालुका सुरू होतो. धुळे-औरंगाबाद-बीड-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ गावाजवळून जातो आणि इथेच पुलावरून गोदावरी ओलांडतो. जुनी माणसं या रस्त्याला अजून २११ नंबरचा हायवे म्हणतात, कारण नवी क्रमांक पद्धत येण्याआधी त्याचा नंबर तोच होता. इथूनच पैठणकडे रस्ता फुटतो. उत्तरेला वडीगोद्री आहे, तिथून अंबड-जालन्याचा रस्ता निघतो.

शहागडला रेल्वे नाही. जालना आणि औरंगाबाद ही जुनी स्टेशनं. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाल्यामुळे बीड हे तिसरं स्टेशन जवळ आलं. विमानतळ म्हणाल तर सोयीचा एकच, औरंगाबादचा चिकलठाणा विमानतळ.

नावाबद्दल एक सूचना. औरंगाबादचं सरकारी नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे आणि अहमदनगरचं अहिल्यानगर. महामार्गावरचे फलक, एसटीच्या पाट्या आणि रेल्वे तिकिटावर नवीन नावं दिसतात. विमानाचं तिकीट शोधताना एका नावाने शहर सापडलं नाही तर दुसऱ्या नावाने शोधा. विमानतळाचा तीन अक्षरी कोड मात्र जुनाच आहे : आयएक्सयू.

हवाई अंतर म्हणजे काय

दोन ठिकाणांमध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सगळ्यात छोटी रेषा म्हणजे हवाई अंतर. ते अक्षांश-रेखांशावरून काढतात. घरबसल्या अंदाज काढायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा : उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर.

उदाहरण घ्या. बीड शहागडच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. दोघांच्या अक्षांशात सुमारे ०.३७ अंशाचा फरक. त्याला १११ ने गुणलं की ४१ किलोमीटर येतात. हे झालं हवाई अंतर. रस्त्याने मात्र गेवराईमार्गे साधारण ५० किलोमीटर जावं लागतं. रस्ता वळणं घेतो, गावांना जोडत जातो आणि नदी जिथे पूल आहे तिथेच ओलांडतो.

नदीकाठच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण गाडीने जायचं तर पुलापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. नकाशावर एक किलोमीटर, गाडीच्या मीटरवर कितीतरी जास्त.

शहागडहून प्रमुख शहरांचं अंतर

खालचे आकडे साधारण आहेत. गावाच्या कोणत्या टोकावरून निघालात आणि शहराच्या कोणत्या भागात जायचंय, यावर पाच किलोमीटर इकडे-तिकडे होतात. वेळ चारचाकीची आणि दिवसाची धरली आहे.

• बीड : हवाई सुमारे ४१ किमी, रस्त्याने सुमारे ५० किमी, वेळ एक तास.
• अंबड : हवाई सुमारे ३० किमी, रस्त्याने ३५ किमीच्या आसपास, वेळ पाऊण तास.
• जालना (वडीगोद्री-अंबडमार्गे) : हवाई सुमारे ५५ किमी, रस्त्याने सुमारे ६५ किमी, वेळ दीड तासाच्या आत-बाहेर.
• औरंगाबाद (पाचोड-आडूळमार्गे) : हवाई ६५ ते ७० किमी, रस्त्याने शहराच्या मध्यापर्यंत ७५ ते ८० किमी, वेळ दीड तास.
• पुणे (पैठण-शेवगाव-अहिल्यानगरमार्गे) : हवाई सुमारे २१५ किमी, रस्त्याने अडीचशे किमीच्या पुढे, वेळ पाच ते सहा तास.
• मुंबई : हवाई सुमारे ३०० किमी, रस्त्याने ४०० ते ४३० किमी, वेळ सात ते आठ तास.

एसटीने जाणार असाल तर औरंगाबादसाठी दोन तास धरा. बस पाचोड, आडूळ करत जाते आणि शहरात शिरल्यावर स्टँडपर्यंत पोहोचायला वेगळा वेळ लागतो. एसटीचं भाडं रस्त्याच्या अंतरावर, सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरतं. म्हणजे औरंगाबाद साधारण तेरा टप्पे झालं. महिलांना मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे मोफत. घरातल्या वडीलधाऱ्यांचं वयाचं ओळखपत्र सोबत असू द्या, नाहीतर कंडक्टरला पूर्ण तिकीट फाडावं लागतं.

एकच रस्ता, पण वेळ रोज वेगळी

औरंगाबाद ते येडशी हा सुमारे १९० किलोमीटरचा पट्टा चौपदरी झाल्यापासून शहागडचा प्रवास सोपा झाला, यात शंका नाही. पण अंतर तेवढंच राहून वेळ बदलते, याची कारणं आपल्या भागात ठरलेली आहेत.

पहिलं कारण ऊस. अंकुशनगरचा साखर कारखाना याच पट्ट्यात आहे. गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर ते उन्हाळा लागेपर्यंत, बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोर येईपर्यंत दिसत नाही. त्या दिवसांत रात्रीच्या प्रवासाला अर्धा तास जास्त धरा आणि वेग कमी ठेवा.

दुसरं कारण पाणी. वर पैठणला जायकवाडी धरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी धरणातून मोठा विसर्ग सोडला की गोदाकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा येतो. अशा दिवसांत निघण्याआधी पुलाची आणि काठच्या रस्त्यांची खबर घ्या. खास करून पैठणकडच्या आतल्या रस्त्याने जाणार असाल तर.

तिसरं कारण शहरातली गर्दी. झाल्टा फाट्यापर्यंत एका तासात पोहोचलेली गाडी पुढे बीड बायपास आणि जालना रोडवर अडकते. शहरातले शेवटचे दहा किलोमीटर कधी कधी हायवेच्या तीस किलोमीटरइतका वेळ खातात.

पेशंट न्यायचा असेल तर किलोमीटर नाही, तास मोजा

आपल्याकडे गंभीर पेशंट म्हटलं की तोंडात पहिलं नाव येतं घाटीचं. औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल. मोठं आहे, तज्ज्ञ डॉक्टर आहेत, भरवसा आहे. पण शहागडहून घाटी म्हणजे दीड तास, आणि शहरातली गर्दी लागली तर त्याहून जास्त. बीडचं जिल्हा रुग्णालय एका तासावर आहे. अंबडचं सरकारी रुग्णालय पाऊण तासावर.

अपघातात खूप रक्त जात असेल, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा बाळंतीण अडली असेल, तर अर्ध्या तासाच्या फरकाने जीव वाचतो किंवा जातो. अशा वेळी "आपलं घाटीलाच नेऊ" असं घाईत ठरवू नका. १०८ वर फोन करा. अॅम्ब्युलन्समधले डॉक्टर काय सांगतात ते ऐका. जवळच्या दवाखान्यात पेशंटला आधी स्थिर करून मग मोठ्या हॉस्पिटलला नेणं हे बऱ्याचदा शहाणपणाचं असतं. महामार्गावर अपघात झाला तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांकही चालतो. हे दोन नंबर मोहल्ल्यातल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये आणि मस्जिदच्या नोटीस बोर्डावर असलेच पाहिजेत, असं आम्हाला वाटतं.

विमानाने वेळ किती वाचतो

औरंगाबाद ते मुंबई विमानतळाचं हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर. विमान साधारण एका तासात पोहोचवतं. ऐकायला छान वाटतं. पण शहागडच्या माणसाचा प्रवास चिकलठाण्याला सुरू होत नाही. पूर्ण हिशोब असा :

• शहागड ते चिकलठाणा विमानतळ : दीड तास
• उड्डाणाच्या आधी हजर राहणं : दोन तास
• विमानातला वेळ : साधारण एक तास
• उतरून सामान घेणं, बाहेर पडणं : अर्धा ते पाऊण तास
• मुंबई विमानतळ ते मुक्काम : एक तास किंवा जास्त

बेरीज झाली सहा ते साडेसहा तास. गाडीने सात ते आठ. म्हणजे तिकिटाचे एवढे पैसे मोजून वाचले तास-दीड तास. फ्लाइटची वेळ गैरसोयीची असेल तर तेवढेही वाचत नाहीत. दिल्लीचं मात्र वेगळं आहे. औरंगाबाद ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ९८० किलोमीटर. तिथे विमान खरोखर अख्खा दिवस वाचवतं. नियम सोपा आहे : जितकं अंतर लांब, तितका विमानाचा फायदा जास्त.

समृद्धी महामार्गाने हा हिशोब आणखी बदललाय. ७०१ किलोमीटरचा हा नागपूर-मुंबई रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. औरंगाबादहून त्यावर चढलं की कसारा घाटातली जुनी रखडपट्टी टळते. टोल लागतो, आणि टायर-हवा तपासल्याशिवाय त्या रस्त्यावर जाऊ नये.

चिकलठाण्याला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट : बीडकडून येताना झाल्टा फाट्यावरून केंब्रिज चौकाकडे वळलं की शहरात न शिरता जालना रोडला लागता येतं. विमानतळ त्याच रोडवर आहे.

हज आणि उमरा : मोठं अंतर छोटं, छोटं अंतर मोठं

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमान पाच ते साडेपाच तास घेतं. आणि शहागड ते मुंबई ४०० किलोमीटरला सात-आठ तास! म्हणजे उमऱ्याच्या सफरीत सगळ्यात जास्त वेळ खाणारा टप्पा आपल्या दारापासून मुंबईपर्यंतचाच असतो. फ्लाइट चुकते तीही बहुतेक याच टप्प्यात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचावं लागतं, त्यात वाटेतल्या खोळंब्याचे दोन-तीन तास धरा. वयस्कर माणसं सोबत असतील तर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

तिकिटावरची वेळ वाचताना गल्लत होते, तीही सांगतो. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेलं विमान तिकिटावर दुपारी १ ला जेद्दाला पोहोचलेलं दिसतं. वाटतं तीन तासांचा प्रवास. प्रत्यक्षात आपल्या घड्याळात साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे साडेपाच तास झालेले असतात. शुगर-बीपीच्या गोळ्या आणि जेवण याच हिशोबाने ठेवा.

थेट जेद्दाला उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मीकात विमान हवेत असतानाच येते, जेद्दाच्या आधी. म्हणून एहरामची तयारी मुंबईतच करून बसायचं. जे आधी मदिन्याला उतरतात त्यांचा एहराम नंतर, मदिन्याहून मक्क्याला निघताना असतो.

जवळचं विमानतळ स्वस्त पडेलच असंही नाही. २०२३ च्या हजमध्ये औरंगाबादहून निघणाऱ्या यात्रेकरूंना मुंबईपेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जास्त भरावे लागले होते, आणि त्यावर मराठवाड्यात बरीच नाराजी झाली. तेव्हा अर्जात निघण्याचं ठिकाण निवडताना फक्त अंतर पाहू नका. दोन्हीकडची रक्कम, मुंबईला जाण्याचा खर्च आणि सोबतच्या माणसाची तब्येत, तिन्ही एकत्र मांडून ठरवा.

कसर नमाजसाठी कोणतं अंतर

हा सवाल आपल्या भागात खास महत्त्वाचा आहे, कारण शहागड-औरंगाबाद हे अंतर बरोबर सीमारेषेवर येतं.

हनफी मसलकातले बरेच उलमा सफरचं अंतर ४८ मैल, म्हणजे सव्वासत्त्याहत्तर किलोमीटर धरतात. बरेलवी उलमा ते सुमारे ९२ किलोमीटर मानतात. इतका लांबचा सफर आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर माणूस मुसाफिर ठरतो. मग जोहर, असर आणि इशाच्या चार रकात फर्जच्या जागी दोन रकात. फजर आणि मगरिब आहे तशीच. मुकीम इमामाच्या मागे मात्र पूर्ण नमाज.

मोजणीच्या पाच गोष्टी :

• अंतर रस्त्याचं धरायचं, हवाई नाही. दोन रस्ते असतील तर आपण ज्या रस्त्याने जातो तो.
• मोजणी घरापासून नाही, आपल्या वस्तीच्या हद्दीपासून.
• जाणं आणि येणं यांची बेरीज होत नाही. बीडला ५० जाऊन ५० परत आलात म्हणून शंभर होत नाहीत.
• वेळ कमी लागला म्हणून सफर कमी होत नाही. मुंबईला विमानाने तासाभरात गेलात तरी तुम्ही मुसाफिरच.
• इरादा शेवटच्या ठिकाणाचा बघतात. मुंबईला जाण्याच्या इराद्याने निघालात आणि वाटेत औरंगाबादला थांबलात, तर तिथेही कसर.

या हिशोबाने बीड, अंबड, जालना हे सफरमध्ये येत नाहीत, तिथे पूर्ण नमाज. पुणे, मुंबई, हैदराबाद येतात. ९२ किलोमीटर मानणाऱ्यांसाठी औरंगाबादही येत नाही. ७७ मानणाऱ्यांसाठी ते काट्यावर आहे. शहराच्या मध्यापर्यंत ७५ ते ८०, पण शहर आता झाल्टा, बीड बायपासच्या बाजूने पसरत आलंय, त्यामुळे शहराची हद्द आपल्या जवळ सरकली आहे. हद्दीपर्यंत मोजलं तर अंतर ७७ च्या आत राहतं. शंका असेल तर आपल्या मस्जिदच्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तीसाहेबांना एकदा विचारून पक्कं करा. विचारताना "औरंगाबाद" एवढंच सांगू नका. कोणत्या भागात जाता, कोणत्या रस्त्याने आणि किती दिवस, हे तिन्ही सांगा.

मग हवाई अंतराचा उपयोग कुठे

विमानासाठी तर आहेच. दुसरा उपयोग किब्ल्याचा. किब्ल्याची दिशा सरळ रेषेनेच काढतात. शहागडहून मक्का हवाई अंतराने सुमारे ३,७४० किलोमीटर आहे आणि दिशा बरोबर पश्चिम नसून पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे आहे.

रमजानमध्ये प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. पश्चिमेकडे एक अंश गेलं की सूर्य चार मिनिटं उशिरा मावळतो. औरंगाबादला शहागडपेक्षा दीड मिनिटाच्या आसपास फरक पडतो, मुंबईला अकरा मिनिटांच्या आसपास. म्हणून शहागडचा वेळ-तक्ता घेऊन मुंबईत रोजा सोडू नका, तिथला वेळ बघा. विमानात असाल तर खिडकीतून सूर्य दिसतोय तोवर इफ्तार नाही, खाली गावात अजान झाली असली तरी.

थोडक्यात

• एसटीचं भाडं, पेट्रोल, टोल आणि कसर नमाज : रस्त्याचे किलोमीटर.
• पेशंट, परीक्षा, कोर्टाची तारीख, फ्लाइट : तास आणि मिनिटं, दारापासून दारापर्यंत.
• विमानाचा मार्ग आणि किब्ला : हवाई अंतर.

मोबाईलवर आकडा दिसला की आधी तो यातला कोणता आहे ते बघा, मग निघा. आणि निघताना ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी निघा, म्हणजे वाटेत गाडी पळवावी लागणार नाही. सफर सुखाची होवो.